रेंज नसताना रस्ता कोण दाखवेल? जुन्नर-आंबेगावसाठी मोफत ॲप

कल्याणहून मय्यतीला जुन्नर गाठायचं तर रस्ता माळशेज घाटाचा, आणि घाटात रेंज मध्येच जाते. आहुपे, नाणेघाट, डिंभे धरणामागच्या गावांकडेही तीच गत. फोनमधलं जीपीएस मात्र उपग्रहांवर चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही. लागतो तो घरूनच डाउनलोड केलेला नकाशा.

गुगल मॅप्स ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता सांगतं. पायी रस्ता नाही, ट्रॅफिकही नाही. ऑर्गॅनिक मॅप्स मोफत आहे, जाहिराती नाहीत, पायवाटाही दिसतात. फक्त गाडीत असाल तर गाडीचंच चिन्ह निवडा, नाहीतर ते वैशाखऱ्याहून नाणेघाटाची पायवाट दाखवेल! ओस्मअँडमध्ये सोयी जास्त, पण मोफत आवृत्तीत मोजकेच नकाशे मिळतात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते किचकट वाटेल.

दरड कोसळून घाट बंद झाला तर ऑफलाइन नकाशाला ते कळत नाही. पावसाळ्यात ओतूर किंवा मुरबाडच्या नातेवाइकांना फोन करूनच निघा.

लोकेशनची परवानगी देतानाही जपून. मुस्लिम प्रो या नमाजच्या ॲपमधून लोकेशनची माहिती एक्स-मोड कंपनीकडे जात असल्याची बातमी २०२० मध्ये आली होती; त्यानंतर ॲपने तो संबंध तोडला. ऑर्गॅनिक मॅप्स वापरणाऱ्याचा माग ठेवत नाही, म्हणून आमची पसंती त्यालाच. किब्ल्यासाठी प्रवासात वेगळं ॲप नको: जुन्नरहून तो पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेकडे, फोनमधलं होकायंत्र पुरतं.