डॉक्टर (वैद्यकीय उपाधी)

डॉक्टर (संक्षेप: डॉ.) ही वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीच्या नावाआधी लावली जाणारी उपाधी आहे. विद्यापीठाची विद्यावाचस्पती (पीएच.डी.) ही संशोधन पदवी मिळवणारेही हीच उपाधी लावतात. भारत व ब्रिटनमधील बहुतेक वैद्यकीय व्यावसायिकांकडे मात्र विद्यावाचस्पतीच्या दर्जाची पदवी नसते. एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस. या दोन्ही पदव्या नावाप्रमाणे 'बॅचलर' म्हणजे स्नातक पातळीच्या आहेत, आणि त्या धारण करणाऱ्यांना 'डॉक्टर' म्हणणे हा रूढीने आलेला सन्मान आहे. रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार उपाधीने मिळत नाही. तो मान्यताप्राप्त पदवी आणि कायद्याने स्थापन झालेल्या परिषदेकडील नोंदणी यांमुळे मिळतो.

व्युत्पत्ती

'डॉक्टर' हा शब्द लॅटिन भाषेतील 'डोकेरे' (शिकवणे) या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ 'शिक्षक' असा आहे. मध्ययुगीन युरोपीय विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा व वैद्यक या विषयांत अध्यापनास पात्र ठरलेल्या विद्वानांना ही पदवी दिली जात असे. वैद्यकातील पदवीधरांमुळे पुढे तो शब्द चिकित्सकाचा वाचक बनला.

ब्रिटनमधील इतिहास

इंग्लंडमध्ये उपचार करणाऱ्यांचे तीन वर्ग होते. विद्यापीठात शिकलेले चिकित्सक (फिजिशियन) हे सर्वांत प्रतिष्ठित मानले जात. त्यांचे रॉयल कॉलेज लंडनमध्ये 1518 साली स्थापन झाले. शल्यचिकित्सक उमेदवारी करून काम शिकत आणि 1540 ते 1745 या काळात ते न्हाव्यांसोबत एकाच संघात होते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नसल्याने त्यांना 'मिस्टर' असे संबोधले जाई. तिसरा वर्ग औषधे तयार करून विकणाऱ्या अपोथेकरींचा होता. 1704 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दिलेल्या निर्णयामुळे त्यांना रुग्ण तपासून औषध देण्याची मुभा मिळाली. पण शुल्क औषधाचे घ्यायचे, सल्ल्याचे नाही, अशी मर्यादा कायम राहिली. आजच्या सामान्य चिकित्सकाची (जनरल प्रॅक्टिशनर) परंपरा मुख्यत्वे याच वर्गापासून सुरू होते.

1858 च्या वैद्यकीय कायद्याने सर्व पात्र व्यावसायिकांची एकच नोंदवही निर्माण केली. या कायद्याने नोंदणी नसलेल्यांना उपचार करण्यास बंदी केली नव्हती, तर नोंदणीकृत असल्याचा खोटा दावा करणे हा गुन्हा ठरवला होता. शल्यचिकित्सकांनी पुढे इतरांप्रमाणेच वैद्यकीय पदवी घेण्यास सुरुवात केली, तरी जुने संबोधन त्यांनी सोडले नाही. आजही ब्रिटनमध्ये वैद्यकीय पदवीनंतर 'डॉक्टर' झालेली व्यक्ती शल्यचिकित्सेची सदस्यत्व परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा 'मिस्टर' किंवा 'मिस' असे संबोधन स्वीकारते. एकेकाळी कनिष्ठतेचे असलेले हे चिन्ह आता अभिमानाचे मानले जाते.

दंतवैद्य

दंतवैद्यकाचे शिक्षण देणारे जगातील पहिले स्वतंत्र महाविद्यालय 1840 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे सुरू झाले. तेथे 'डॉक्टर ऑफ डेंटल सर्जरी' ही पदवी दिली जाऊ लागल्याने अमेरिकेत दंतवैद्य आरंभापासूनच डॉक्टर म्हणवले गेले. ब्रिटनमध्ये मात्र दंतवैद्यकाची परीक्षा रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने सुरू केली. त्यामुळे तेथील दंतवैद्य शल्यचिकित्सकांप्रमाणे 'मिस्टर' राहिले. 1878 च्या कायद्याने 'डेंटिस्ट' या नावाला संरक्षण दिले, परंतु नोंदणी नसलेल्यांना दंतोपचार करण्यास बंदी 1921 च्या कायद्याने आली. तेथील जनरल डेंटल कौन्सिलने 1995 साली दंतवैद्यांना 'डॉक्टर' ही सन्मानदर्शक उपाधी लावण्यास परवानगी दिली. आपण वैद्यकीय पदवीधर आहोत असा समज त्यामुळे होऊ नये, ही अट तिला जोडलेली आहे.

भारतातील स्थिती

मुंबईत 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. 1851 साली उत्तीर्ण झालेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. त्यांच्या नावामागे लागलेले 'डॉक्टर' हे महाविद्यालयाच्या पदविकेमुळे आलेले होते. आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. ही पदवी मिळवली. अमेरिकेत एम.डी. ही वैद्यकातील पहिलीच पदवी असते. भारतात मात्र ती एम.बी.बी.एस. नंतरची पदव्युत्तर पदवी आहे.

मुंबई प्रांताचा 1912 चा वैद्यकीय कायदा हा भारतातील वैद्यकीय नोंदणीचा पहिला कायदा होय. सध्या आधुनिक वैद्यकाचे नियमन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 नुसार होते आणि महाराष्ट्रात नोंदणीचे काम महाराष्ट्र वैद्यक परिषद करते. नोंदणीशिवाय आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय केल्यास या कायद्यान्वये एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

भारतातील पहिले दंत महाविद्यालय रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यात स्थापन केले. दंतवैद्य कायदा 1948 साली झाला. त्यातील नोंदवहीचे दोन भाग होते. 'अ' भाग पदवीधरांचा होता, तर पदवी नसली तरी किमान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका करणाऱ्यांसाठी 'ब' भाग होता. परंपरेने दात काढणाऱ्या व बसवणाऱ्या लोकांचा व्यवसाय एकाएकी बंद होऊ नये, म्हणून ही तरतूद होती. 2023 साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला.

वैद्यकीय व्यावसायिकांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार दवाखान्यात व औषधचिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहिणे बंधनकारक असून नावापुढे केवळ मान्यताप्राप्त पदव्याच लावता येतात. उपचार करणाऱ्याची पात्रता पडताळण्याचे रुग्णाच्या हाती असलेले सर्वांत सोपे साधन म्हणजे हा क्रमांक होय.

वेतन व शुल्क

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा 5 जुलै 1948 रोजी सुरू झाली, तेव्हा मोबदल्याच्या तीन पद्धती ठरल्या. रुग्णालयातील तज्ज्ञांना वेतन, सामान्य चिकित्सकांना मुख्यत्वे त्यांच्या यादीतील रुग्णांच्या संख्येनुसार दरडोई रक्कम आणि दंतवैद्यांना प्रत्येक उपचारामागे ठरावीक शुल्क मिळू लागले. 2006 मध्ये इंग्लंड व वेल्समधील दंतवैद्यांसाठी एककांची पद्धत आली. तीत उपचारांचे तीन गट करून त्यांना 1, 3 व 12 एकके देण्यात आली. एका दातात भरण केले किंवा अनेक दातांत केले, तरी एकके तेवढीच मिळत. त्यामुळे अधिक उपचारांची गरज असलेला रुग्ण दंतवैद्याला आर्थिकदृष्ट्या परवडेनासा होतो, अशी टीका झाली.

भारतात सरकारी सेवेतील वेतन वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार ठरते. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय सेवेत वैद्यकीय अधिकाऱ्याचे आरंभीचे मूळ वेतन दरमहा 56,100 रुपये झाले. खासगी व्यवसाय न करण्याच्या अटीवर मूळ वेतनाच्या 20 टक्के व्यवसायरोध भत्ता दिला जातो, मात्र मूळ वेतन व भत्ता मिळून 2,37,500 रुपयांची मर्यादा आहे. आंतरवासिता करणाऱ्यांना वेतनाऐवजी विद्यावेतन मिळते.

खासगी व्यवसायात शुल्क डॉक्टर स्वतः ठरवतो. आचारसंहितेनुसार ते आधी जाहीर करावे लागते, तसेच रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली देणे अथवा घेणे निषिद्ध आहे. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय दिला.

वाद

आयुर्वेद, होमिओपॅथी व दंतवैद्यक या शाखांचे पदवीधरही 'डॉक्टर' ही उपाधी लावतात, परंतु प्रत्येकाच्या उपचाराची कायदेशीर कक्षा वेगळी आहे. मुंबईतील एका होमिओपॅथी व्यावसायिकाने आधुनिक औषधे दिल्यानंतर रुग्णाचा मृत्यू झाला होता. 1996 साली त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ज्या पद्धतीचे शिक्षण व नोंदणी नाही त्या पद्धतीने उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय.

महाराष्ट्रात 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन, औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना मर्यादित स्वरूपात आधुनिक औषधे देण्याची मुभा मिळाली. ग्रामीण भागातील डॉक्टरांची कमतरता यामुळे भरून निघेल, असे समर्थकांचे म्हणणे आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनने मात्र रुग्णांच्या सुरक्षिततेचा मुद्दा मांडून त्यास विरोध केला. अशा व्यावसायिकांच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीवरून हा वाद 2025 साली पुन्हा तीव्र झाला.

भौतिकोपचार तज्ज्ञांनी (फिजिओथेरपिस्ट) ही उपाधी लावावी का, हा प्रश्नही त्याच वर्षी पुढे आला. त्यांनी ती लावू नये, असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने 9 सप्टेंबर 2025 रोजी काढले आणि दुसऱ्याच दिवशी अधिक विचाराची गरज असल्याचे सांगून ते मागे घेतले.