मुंबईचा समुद्र : कोणता किनारा, कोणत्या वेळी

रविवारची संध्याकाळ आणि समुद्र यांचे नाते मुंबईकराला नव्याने सांगावे लागत नाही. पाहुणे आले की चौपाटी, परीक्षा संपली की जुहू आणि दोन दिवसांची सुट्टी जोडून आली की अलिबाग, हे बेत घरोघरी ठरलेले असतात. मात्र गिरगावपासून अर्नाळ्यापर्यंत आणि बंदराच्या पलीकडे मांडव्यापासून काशिदपर्यंत पसरलेले हे सारे किनारे एका स्वभावाचे नाहीत. कुठे वाळूत बसून सूर्यास्त पाहावा, कुठे घोटाभर पाण्यात उभे राहावे आणि कुठे पाण्यापासून दूरच राहावे, हे ठाऊक नसल्याने सहलीला गालबोट लागते. किनारा निवडताना त्याच्या नावाइतकेच महत्त्व भरती-ओहोटीच्या वेळेला आहे.

आधी तिथी, मग किनारा

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ही वेळ काढण्याचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला उत्तर सहा येते. म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा व अमावास्येला याच्या उलट, भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, तर सकाळ-संध्याकाळ ओहोटी असते.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते. तेव्हा पाणी खूप वर चढते आणि तितकेच खोल ओसरते. अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती त्या मानाने सौम्य असते. या हिशेबाने बेत आखता येतो. नेमकी वेळ मात्र त्या दिवसाच्या भरतीच्या तक्त्यातच पाहावी.

गिरगाव आणि दादर

मरीन ड्राइव्हच्या उत्तर टोकाला असलेली गिरगाव चौपाटी ही शहराची सार्वजनिक ओसरी आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांवर येथेच अंत्यसंस्कार झाले; त्यांचा पुतळा आजही समुद्राकडे जाणाऱ्यांचे लक्ष वेधतो. अनंत चतुर्दशीला लालबागच्या राजासह अनेक मोठ्या मूर्तींचे विसर्जन याच वाळूवर होते. भेळ, कुल्फी आणि दिवे लागल्यावर दिसणारी मरीन ड्राइव्हची कमान यांसाठी येथे यावे, पोहण्यासाठी नव्हे. शहराच्या सांडपाण्यामुळे हे पाणी अंघोळीच्या योग्यतेचे नाही. चर्नी रोड स्थानकावरून पायी येता येते.

दादरचा किनारा अरुंद आहे. उधाणाच्या भरतीत वाळू जवळजवळ दिसेनाशी होते आणि लाटा भिंतीला भिडतात. येथे ओहोटीला यावे. चैत्यभूमीवर ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो अनुयायी येथे येतात. संध्याकाळच्या प्रकाशात २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू येथून उत्तम दिसतो.

जुहू आणि वर्सोवा

जुहूचा किनारा लांब-रुंद असल्याने गर्दीतही चालायला जागा उरते. पहाटे फिरणारे, दुपारी सहलीची मुले आणि संध्याकाळी पावभाजीच्या गाड्यांभोवतीची कुटुंबे असा येथला दिवस असतो. जवळच जुहूची धावपट्टी आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन विमानाने येथेच उतरले होते.

पावसाळ्यात मात्र जुहूचे रूप बदलते. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळामुळे समुद्र खवळलेला असताना जुहू कोळीवाड्यापाशी पाण्यात उतरलेल्या मुलांचा बुडून मृत्यू झाला. पावसाळ्यात ‘ब्लू बॉटल’ नावाचे निळसर, फुग्यासारखे दिसणारे विषारी जीवही जुहू-गिरगावच्या वाळूवर येऊन पडतात. ते मेलेले दिसले तरी त्यांचे तंतू डंख करतात. मुलांना हात लावू देऊ नये.

जुहूच्या उत्तरेला वर्सोव्याचा किनारा आहे. एके काळी कचऱ्यासाठी बदनाम असलेल्या या वाळूवर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वच्छतेला सुरुवात केली आणि पाहता पाहता शेकडो हात त्यांना येऊन मिळाले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये येथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. भरतीबरोबर नवा कचरा येतच असल्याने हे काम संपणारे नाही. कोळीवाडा, नांगरलेल्या होड्या आणि पलीकडे मढला नेणारी फेरीबोट हे वर्सोव्याचे खरे आकर्षण होय.

मढ, अक्सा, मनोरी, गोराई

मढ-एरंगळच्या बाजूला शहराची गजबज कमी होते. एरंगळला किनाऱ्यालगत जुने चर्च असून जानेवारीतल्या जत्रेला दूरदूरचे लोक येतात.

अक्सा हा मुंबईतील सर्वांत देखण्या किनाऱ्यांपैकी एक आणि सर्वांत फसवाही. सपाट वाळू आणि वरवर शांत वाटणारे पाणी पाहून तरुण आत जातात. येथील तळाची वाळू सतत सरकते, आज उथळ असलेल्या जागी उद्या खड्डा असतो आणि ओसरते पाणी माणसाला आत खेचून नेते. आजवर अनेकांनी येथे जीव गमावला आहे. अक्सावर सूर्यास्त पाहावा, वाळूत चालावे. पाण्यात उतरू नये. मालाड स्थानकाहून मढकडे जाणाऱ्या बेस्टच्या बसने येथे पोहोचता येते.

मार्वेहून बोटीने खाडी ओलांडली की मनोरी आणि बोरिवलीच्या बाजूने ओलांडली की गोराई. दोन्ही ठिकाणी अजून गावपण टिकून आहे. २००९ मध्ये खुला झालेला विपश्यना पॅगोडा गोराईजवळच आहे. शेवटच्या बोटीची वेळ जातानाच विचारून घ्यावी. ती चुकली तर उत्तन-भाईंदरमार्गे रस्त्याने लांबचा वळसा पडतो.

वसई ते अर्नाळा

वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांहून सुरुची, कळंब, राजोडी व अर्नाळा हे किनारे गाठता येतात. सुरूची बने आणि केळीच्या वाड्या ही या भागाची ओळख. सकाळी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेला वसईचा किल्ला पाहून संध्याकाळी किनाऱ्यावर जावे, अशी एका दिवसाची सहल सहज होते. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर असून तेथे होडीने जावे लागते.

बंदरापलीकडे : अलिबागची वाट

गेटवे ऑफ इंडियाहून बोटीने सुमारे तासाभरात मांडवा येते. पावसाळ्यात ही सेवा बंद असते. गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोट आहे, तर जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूमुळे रस्त्याचा प्रवासही आटोपशीर झाला आहे.

किहीम झाडीसाठी प्रसिद्ध आहे. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याचा गाजलेला अभ्यास येथेच केला. अलिबागच्या किनाऱ्यासमोर कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीला तेथे चालत किंवा घोडागाडीने जाता येते. यासाठी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची सकाळ उत्तम. भांगाच्या दिवसांत पाणी पुरेसे ओसरत नाही. पाणी चढू लागण्यापूर्वी परतावे, अन्यथा पुढच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यावरच अडकून पडण्याची वेळ येते. अलिबागमध्येच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये ती कुलाब्याहून येथे हलवण्यात आली.

पुढे आक्षी व नागाव नारळी-पोफळीच्या सावलीत वसले आहेत. मराठीतील आद्य शिलालेखांपैकी एक मानला जाणारा लेख आक्षीचाच आहे. रेवदंड्याला पोर्तुगीज तटबंदीच्या आतून किनाऱ्यावर जाता येते. अलिबागपासून सुमारे तीस किलोमीटरवरील काशिदची पांढरी वाळू लोभस आहे. परंतु तेथील लाटांना ओढ फार असते आणि तेथेही पर्यटक बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत.

पाण्यात उतरण्यापूर्वी

गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा आणि गोराई या किनाऱ्यांवर मुंबई महापालिकेचे जीवरक्षक असतात. त्यांची शिटी म्हणजे सूचना नव्हे, आदेश समजावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोणत्याही किनाऱ्यावर पाण्यात जाऊ नये. एरवीही ओहोटी लागल्यावर, अंधार पडल्यावर किंवा मद्यपान करून पाण्यात जाणे जिवावर बेतते. अनोळखी किनाऱ्यावर आधी तेथल्या कोळी बांधवांना विचारावे. खड्डा कुठे पडला आहे आणि ओढ कुठे आहे, हे त्यांना ठाऊक असते.

पाणी आत खेचू लागले तर किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी झुंजू नये. त्यात दम संपतो. ही ओढ बहुधा अरुंद पट्ट्यात असते. अंग सैल सोडून तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे आणि ओढ संपल्यावर वळावे. दुसरा कोणी बुडताना दिसला, तर त्याच्यामागे उडी घेण्याचा मोह आवरावा. एकाला वाचवायला गेलेला दुसराही बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आधी जीवरक्षकाला हाक द्यावी, ११२ क्रमांकावर फोन करावा आणि दोरी, रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब असे तरंगणारे जे हाताशी असेल ते त्याच्याकडे फेकावे.