टाळ, मृदंग आणि ख्रिस्ती उपासना

#थ्रेड

कांदिवली-बोरिवलीच्या चर्चमध्ये रविवारी गिटार वाजली, तर आज कोणालाही नवल वाटत नाही. ही साष्टीची भूमी. मराठ्यांनी १७३७ मध्ये ती जिंकून घेण्यापूर्वीपासून येथे ख्रिस्ती वस्ती आहे. परंतु येथील कॅथलिक मिस्सा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॅटिनमध्येच होत असे. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला आणि स्थानिक संगीताला वाट मोकळी करून दिली.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १९६९ साली, अमेरिकेत लॅरी नॉर्मनचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम आला. ख्रिस्ती रॉकचा आरंभ बहुधा येथूनच मोजला जातो. चर्चमधील अनेकांना हे संगीत फारच रांगडे वाटले आणि रॉकच्या रसिकांना फारच धार्मिक. ज्या सुरांवर लोक नाचतात, त्या सुरांवर येशूचे नाव घ्यावे काय, हा वादाचा मुद्दा.

हाच वाद अहमदनगरात सुमारे शंभर वर्षे आधी उभा राहिला होता. तेथे विद्युत गिटार नव्हती; टाळ, मृदंग आणि अभंग होते.

अमेरिकन मराठी मिशनच्या आरंभीच्या काळात मराठी मंडळी मुख्यतः इंग्रजी गीतांची भाषांतरे मूळ विलायती चालींवर गात. यातील अडचण भक्तीची नव्हती, छंदाची होती. इंग्रजी गीताची लय शब्दातील आघातावर उभी असते; मराठी पद्य मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर चालते. परिणामी लांब सूर नेमका ऱ्हस्व अक्षरावर येई आणि ओळखीचा शब्दही परका वाटू लागे.

अभंगाचे तसे नाही. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक. लघुगुरूची सक्ती नाही, म्हणून बोलीतले वाक्यही त्यात सहज बसते. शाळेची पायरी न चढलेला माणूस एकदा ऐकून तो पाठ म्हणू शकतो.

नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला. हरिदासाची बैठक, पूर्वरंग, आख्यान, सारे तेच; कथा मात्र बायबलातील. अनेकांना ते खटकले. मूर्तिपूजेचा त्याग करून आलेल्यांना पुन्हा टाळ कशाला, हा आक्षेप सर्वस्वी पोकळ म्हणता येणार नाही. नगर भागातील नवख्रिस्ती मंडळींत महार-मांग समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. अभंग चोखोबांचाही होता हे खरे. पण चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाबाहेर पायरीशी आहे, हेही तितकेच खरे. त्या परंपरेकडे परतण्याची हौस प्रत्येकाला सारखीच असेल, असे गृहीत धरणे चूक ठरेल.

हा प्रश्न काव्याने सोडवला तो नारायण वामन टिळकांनी. (लोकमान्य नव्हेत, आडनाव एक, माणसे दोन.) रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ मध्ये जन्म, चित्पावन ब्राह्मण कुटुंब, संस्कृतचे उत्तम अध्ययन. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्याची किंमत घराने मोजली. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्यातला काही काळ तर त्या पंढरपुरातच होत्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा सारा विरह त्यांनी लिहिला आहे, आणि तोही हसत-हसवत, मराठी आत्मचरित्रात याला तोड नाही.

टिळक सांगत, की तुकोबांच्या पुलावरून ते ख्रिस्तापर्यंत पोहोचले. हा केवळ अलंकार नव्हे. ‘अभंगांजली’तील त्यांचा ख्रिस्त सिंहासनावरचा राजा क्वचितच असतो, बहुतेक वेळा तो माउली असतो, गुरू असतो, सखा असतो. वारकऱ्याने विठोबाशी ज्या जवळिकीने भांडावे, रुसावे, लडिवाळपणे बोलावे, ती जवळीक येथे जशीच्या तशी येते. सांगळ्यांनी घाट आणला होता. टिळकांनी त्यात आर्तता ओतली. म्हणूनच ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांची गीते आजही भाषांतरित गीतांच्या शेजारी उभी आहेत, आणि गायला सुरुवात होताच फरक कानाला कळतो.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे स्थान होते. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते वारले.

ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ तेव्हा अपुरेच होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्यांना पतीनेच लिहायला-वाचायला शिकवले, त्या लक्ष्मीबाईंनी. १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि अखेरचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केला.