साखऱ्यावरून जाणारी रेघ

मागच्या वीकांताला इथे काही लिहिलं नाही, कारण गावी गेलो होतो. आमचं गाव साखरा, जिल्हा हिंगोली. (पुण्यात गावाचं नाव सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "साखर कारखाना आहे का?" नाही हो. सोयाबीन आहे, तूर आहे आणि हळद मात्र भरपूर आहे.) गावात नेटवर्क मर्जीप्रमाणे येतं-जातं, म्हणून जाताना वाचायला राल्फ फिच नावाच्या एका इंग्रज व्यापाऱ्याचं प्रवासवर्णन उतरवून नेलं होतं.

बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात होता. शाळेत आपण शिकलो ते असं: १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी निघाली, १६०८ साली हॉकिन्स सुरतेला आला, १६१३ साली सुरतेला वखार झाली. जणू लंडनमध्ये कंपनी रजिस्टर झाली आणि दुसऱ्या दिवशी शिडं उभारली! पण आपण सगळे प्रोजेक्टवाली माणसं. किक-ऑफ मीटिंगच्या आधी कुणीतरी एक-दोन वर्षं माहिती गोळा करत वणवण फिरलेलं असतं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. इंग्रजांच्या बाबतीत हे 'आधीचं' प्रकरण वीसेक वर्षांचं आहे. आणि गंमत म्हणजे त्याचा एक मोठा तुकडा आपल्या मराठी मुलखात घडलाय.

थोडी पार्श्वभूमी. पोर्तुगीज १४९८ साली कालिकतला पोचले, १५१० साली त्यांनी गोवा घेतलं. इंग्रज त्या वेळी या खेळात कुठेच नव्हते. आफ्रिकेला वळसा घालून येणारा समुद्रमार्ग पोर्तुगिजांच्या हातात, म्हणून यांनी उत्तरेकडून बर्फातून वाट काढायचे प्रयत्न केले. १५५३ साली ईशान्येकडून चीनला जायला निघाले आणि रशियात पोचले! १५७६ ते १५७८ या काळात फ्रॉबिशर तीनदा वायव्येकडून गेला, त्यालाही वाट सापडली नाही. थोडक्यात, पुढे ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता म्हणतात, त्यांना तेव्हा पूर्वेकडे जायचा रस्ताच माहीत नव्हता.

आता या गोष्टीत एक ओळखीचा माणूस येतो. फादर स्टीफन्स. हो, तेच. मराठी भाषेची थोरवी गाणारे, ख्रिस्तपुराण लिहिणारे, स्पर्धा परीक्षेत एका मार्काला येणारे. थॉमस स्टीफन्स मूळचा इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. कॅथलिक असल्यामुळे प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये राहणं कठीण, म्हणून रोमला जाऊन जेझुइट झाला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेल्या पोर्तुगीज जहाजांच्या ताफ्यातून तो २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरला. वय साधारण तिशीचं. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला माहितीतला इंग्रज हाच.

उतरल्यावर पंधरा-वीस दिवसांत त्याने वडिलांना पत्र लिहिलं. घरापासून लांब गेलेला मुलगा लिहील तसंच पत्र आहे: मी सुखरूप आहे, प्रवास असा झाला, वाटेत इतके लोक आजारी पडले. पण त्यातच जहाज कुठल्या वाटेने आणतात, वारे कुठे मिळतात, जमीन जवळ आल्याची खूण कुठले पक्षी देतात, हेही सगळं आलंय. पुढे रिचर्ड हॅक्लूट नावाच्या गृहस्थांनी इंग्रजांच्या प्रवासवर्णनांचा भलामोठा संग्रह काढला, त्यात हे पत्र छापलं गेलं. वडिलांना लिहिलेली खुशाली व्यापाऱ्यांच्या दृष्टीने बाजाराची माहिती ठरली!

आता फिच. फेब्रुवारी १५८३ मध्ये लंडनहून 'टायगर' नावाच्या जहाजातून काही व्यापारी सिरियाकडे निघाले. त्यांतले जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स नावाचा रत्नपारखी आणि जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार असे चौघे अलेप्पो, बगदाद, बसरा करत होर्मुझला पोचले. खिशात एलिझाबेथ राणीची पत्रं होती, एक अकबराला आणि एक चीनच्या बादशहाला. होर्मुझला पोर्तुगिजांनी त्यांना हेर समजून पकडलं आणि गोव्याच्या तुरुंगात रवाना केलं.

तिथून त्यांना सोडवायला दोघे धावून आले. एक फादर स्टीफन्स. ज्या देशात त्याच्या धर्माला जागा नव्हती, तिथल्याच माणसांसाठी त्याने खटपट केली. दुसरा यान व्हान लिन्स्होतेन हा डच तरुण, गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस. डिसेंबर १५८३ मध्ये दोन हजारांच्या जामिनावर हे लोक बाहेर आले. चित्रकाराला तर जेझुइटांनी आधीच आपल्याकडे घेतलं होतं, त्यांना चर्च रंगवून घ्यायचं होतं. कलाकाराला कुठेही काम मिळतं ते असं :-)

पण स्टीफन्सची बाजू इतकी सरळ मांडून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. त्याच वर्षी, जुलै १५८३ मध्ये, गोव्यातल्या साष्टीत कुंकळ्ळीला गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं. त्याआधी पोर्तुगिजांनी तिथली देवळं पाडली होती. नंतर बोलणी करायला म्हणून गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारलं. स्टीफन्स या साष्टीतच काम करत होता. पोर्तुगीज अमलात लोकांच्या जुन्या पोथ्या गेल्या, आणि ती रिकामी जागा भरायला त्याने १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण आलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. भाषेवर त्याचं प्रेम होतं यात शंका नाही. १५८३ च्याच एका पत्रात तो भावाला कळवतो की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. विल्यम जोन्सने हेच कलकत्त्यात सांगितलं ते १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनी. हे प्रेमही खरं आणि पाडलेली देवळंही खरी. मला या दोन्हीची वजाबाकी करता येत नाही.

असो. जामीन मिळाला तरी प्रकरण मिटलं नव्हतं. आता हात मागे बांधून दोरीने वर टांगण्याची शिक्षा होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा चित्रकार स्टोरीला गोव्यातच सोडून बाकीचे तिघे एका सकाळी नदी ओलांडून पळाले. साल १५८४. फिच लिहितो की दोन दिवस पायी चालत होतो, रस्ता माहीत नाही, वाटाड्या नाही, कारण कुणावर विश्वास टाकायची हिंमत नव्हती. पुढे बेळगाव, विजापूर, मग गोवळकोंडा. तिथून उत्तरेला वऱ्हाडातलं बाळापूर, मग बऱ्हाणपूर, मांडू, उज्जैन आणि शेवटी आग्रा.

हे वाचलं आणि मी उठून बसलो. गोवळकोंड्याहून बाळापूर? (हे बाळापूर म्हणजे अकोल्याजवळचं.) मोबाइल घेऊन गच्चीवर गेलो, तिथे दोन काड्या रेंज असते. नकाशावर गोवळकोंडा ते बाळापूर सरळ रेघ ओढली. रेघ हिंगोलीच्या किंचित पूर्वेकडून गेली. मधे बिदर घेतलं तर आणखी पश्चिमेला सरकते, हिंगोली आणि सेनगावच्या मधून. म्हणजे आमच्या घरापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावरून!

रेघ म्हणजे रस्ता नव्हे, हे मलाही कळतं. फिचने मधल्या गावांची नावं दिलेली नाहीत. त्याने रोजनिशी ठेवली नव्हती, परत गेल्यावर आठवणीतून लिहिलं, आणि जिथे आठवेना तिथे फेदेरिची नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या पुस्तकातून चक्क कॉपी-पेस्ट केलं. तेव्हा 'इंग्रज साखऱ्यात मुक्कामाला होता' असा बोर्ड लावायचा माझा विचार नाही. पण एक गोष्ट पक्की. त्या दिशेने जाणाऱ्याला आधी गोदावरी आणि मग पैनगंगा कुठेतरी ओलांडावीच लागते. त्या दोन नद्यांच्या मधला मुलूख म्हणजे आम्ही.

सकाळी हे सगळं बाबांना सांगितलं. बाबा दहावीपर्यंत शिकलेत, शेती करतात, आणि माझ्या इतिहासाच्या वेडाकडे हळदीच्या भावाइतकंही लक्ष देत नाहीत. पण या वेळी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाषा येत नव्हती म्हणतू ना त्यायला?"

"नव्हती."

"मंग इतके दिवस ते जेवले कोणाच्या घरी?"

मी गप्पच. पूर्ण पुस्तक वाचलं, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. गोवळकोंड्याचे हिरे, बऱ्हाणपूरचं सुती आणि रंगीत छापाचं कापड, इथली लहान पोरांची लग्नं, सगळं फिचने टिपलंय. भाकरी कुणी दिली, विहीर कुणी दाखवली, 'उतार इकडून आहे' असं हाताने कुणी सांगितलं, याबद्दल एक ओळ नाही. अनोळखी मुलखातून तीन माणसं शेकडो मैल चालत, घोड्यावर, गाडीतून जातात आणि जिवंत पोचतात, म्हणजे गावोगावी कुणीतरी त्यांना पाणी दिलंच असणार.

आता या माहितीचं पुढे काय झालं ते बघा. सप्टेंबर १५८५ मध्ये फत्तेपूर सिक्रीला तिघांची फाटाफूट झाली. लीड्स अकबराच्या नोकरीत राहिला. न्यूबेरी लाहोरमार्गे घरी निघाला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. फिच एकटा बंगाल, पेगू, मलाक्का असं फिरून एप्रिल १५९१ मध्ये लंडनला पोचला, तर तो मेला असं धरून नातेवाइकांनी त्याची मालमत्ता वाटून घेतली होती! पण व्यापाऱ्यांना तो हवाच होता. १५९२ साली इंग्रजांनी 'माद्रे द देउस' हे पोर्तुगीज जहाज लुटलं आणि पूर्वेकडचा माल किती किमतीचा असतो हे लंडनने डोळ्यांनी पाहिलं. गोव्यातल्या त्या डच चिटणिसाने १५९६ साली पोर्तुगिजांच्या जलमार्गांची माहिती पुस्तकात छापली, १५९८ साली त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं. फिचचं वर्णन १५९९ साली हॅक्लूटच्या संग्रहात आलं. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. सल्ल्यासाठी कंपनी फिचकडे जात होती, याच्या नोंदी कंपनीच्या दप्तरात आहेत.

हे तिघे आपल्याकडे वणवण करत होते त्याच १५८४ साली वॉल्टर रॅलेने अमेरिकेच्या किनाऱ्यावर पहिली टेहळणी करायला जहाजं पाठवली होती. तिथे १५८७ साली बायका-मुलांसह वसाहत केली, आणि १५९० साली मदत पोचली तेव्हा तिथे एकही माणूस नव्हता. म्हणजे तेव्हा कुणी पैज लावली असती तर इंग्रजांवर नक्कीच लावली नसती.

आणि तरीही ते आमच्या हिंगोलीला परत आलेच. या वेळी पळत नाही, कवायत करत. निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी हिंगोलीत होती. रिसाला बाजार, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावं त्यातूनच आली. लहानपणी बाजाराला जाताना ही नावं रोज ऐकायचो, पण त्यांचा अर्थ कधी विचारला नाही. याच कंटिंजंटचा खर्च थकला म्हणून १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात द्यावा लागला. आणि वऱ्हाड म्हणजे कापूस. त्यातच फिचचं ते बाळापूरही आलं.

मग चूक कुणाची? रात्री गच्चीवर बसून मी बराच वेळ हाच हिशेब करत होतो. वडिलांना खुशाली कळवणाऱ्या मुलाची? तुरुंगातल्या देशबांधवांना सोडवणाऱ्या पाद्र्याची? पैनगंगेचा उतार दाखवणाऱ्या आमच्याकडच्या कुणा माणसाची? यांतलं प्रत्येक काम मीही केलं असतं. तुम्हीही केलं असतं. मला वाटतं हिशेब तिथून सुरू होतो, जिथे लंडनमध्ये काही लोकांनी हे सगळे तुकडे एका टेबलावर मांडले, आणि त्यांतून काय करायचं ते ठरवलं. तोवर सगळा योगायोग होता. तिथून पुढे मात्र निर्णय होते, आणि निर्णय घेणाऱ्यांची नावं दप्तरात आहेत.

निघायच्या दिवशी सकाळी बाबांना हे सांगितलं. म्हणजे तेव्हा कुणी पाणी दिलं नसतं तर..., असं काहीतरी मी बोलून गेलो. बाबा हळदीच्या वाफ्यात होते. मान वर न करता म्हणाले, "पाणी मागनाऱ्याले नाही म्हनत नसतेत."

मग मला बसस्टँडवर सोडायला आले. वाटेत बाबांना एकेक नाव विचारत गेलो: हा ओढा कोणता, ही जुनी गाडीवाट कुठं जायची, उतार कुठं होता. त्यांना सगळं येत होतं. मी ते वहीत लिहून घेतलंय, सव्वादोन पानं झाली. पुढच्या खेपेला उरलेलं.