शर्यतीच्या जुन्या बोटी : जपून ठेवायच्या की पळवायच्या?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, सेंट लॉरेन्स नदीकाठी क्लेटन हे छोटेसे गाव आहे. तेथील अँटिक बोट म्युझियममध्ये दर उन्हाळ्यात जुन्या बोटींचे प्रदर्शन भरते. व्हार्निशने चमकणाऱ्या महोगनीच्या बोटी धक्क्याला ओळीने बांधलेल्या असतात. सर्वाधिक गर्दी मात्र शर्यतीच्या बोटींभोवती होते, कारण त्यांतील काही बोटी प्रत्यक्ष पाण्यात पळवल्या जातात. शंभर वर्षे जुनी आणि जगात एकच असलेली बोट अशी पळवावी का, हा या छंदातील जुना वाद आहे.

या बोटी कोणत्या काळातील?

मोटरबोटींच्या मोठ्या शर्यती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाल्या. १९०३ मध्ये हार्म्सवर्थ ट्रॉफी ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणि १९०४ मध्ये अमेरिकेतील गोल्ड कप सुरू झाला. जुन्या बोटींच्या अमेरिकी संघटनेने बांधणीच्या वर्षानुसार गट पाडले आहेत. १९१८ पर्यंतच्या बोटी ‘ऐतिहासिक’, १९१९ ते १९४२ या काळातील ‘अँटिक’ आणि १९४३ ते १९७५ पर्यंतच्या ‘क्लासिक’ मानल्या जातात.

विमानाचे इंजिन बोटीत कसे आले?

पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेने ‘लिबर्टी’ हे बारा सिलिंडरचे, सुमारे ४०० अश्वशक्तीचे विमान इंजिन हजारोंच्या संख्येने तयार केले. युद्ध संपल्यावर ही इंजिने स्वस्तात विकली गेली. मालमोटारीचा मागचा हौदा उचलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेतून श्रीमंत झालेल्या गार वूड यांनी ती मोठ्या प्रमाणावर घेतली. दोन लिबर्टी इंजिने बसवलेल्या ‘मिस अमेरिका’ बोटीने त्यांनी १९२० मध्ये इंग्लंडला जाऊन हार्म्सवर्थ ट्रॉफी जिंकली. १९३२ मध्ये त्यांच्या ‘मिस अमेरिका दहा’ या बोटीत पॅकार्ड कंपनीची चार इंजिने होती. एकूण ६,४०० अश्वशक्तीच्या जोरावर तिने ताशी २०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेच पुन्हा घडले. लढाऊ विमानांसाठी बनवलेली अ‍ॅलिसन आणि रोल्स-रॉइस मर्लिन इंजिने शिल्लक राहिली आणि शर्यतीच्या बोटींत बसवली गेली.

वेग केवळ इंजिनाचा का नव्हता?

पाणी बोटीच्या तळाला घट्ट धरून ठेवते. तळ जितका कमी भिजेल, तितका हा अडथळा कमी होतो. म्हणून तळाला आडवी पायरी देण्याची कल्पना पुढे आली. अशी बोट वेग घेतला की पाण्यावर उचलली जाते. तिला हायड्रोप्लेन म्हणतात. त्यातून खर्च आणि धोका वाढल्याने १९२०च्या दशकात गोल्ड कपमध्ये पायरीच्या तळावर बंदी होती.

या बंदीवरूनच १९२४ ची शर्यत गाजली. ‘रेनबो फोर’ ही बोट पाण्यावर सरस ठरली. तिच्या तळाच्या फळ्या मात्र एकीवर एक चढवून आडव्या बसवलेल्या होत्या. त्या पायरीचेच काम करतात, असे ठरवून तिला बाद करण्यात आले आणि चषक ‘बेबी बूटलेगर’ला मिळाला. गंमत म्हणजे दोन्ही बोटींचे आराखडे जॉर्ज क्राउच यांचेच होते. ‘बूटलेगर’ म्हणजे चोरटी दारू विकणारा. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती.

पुढे तीन टेकूंची रचना आली : पुढे दोन बाजूंना दोन तरंगते भाग आणि मागे अर्धवट पाण्यात बुडालेला पंखा. सिएटलच्या ‘स्लो-मो-शन फोर’ने १९५० मध्ये अ‍ॅलिसन इंजिनावर ताशी सुमारे २५८ किलोमीटरचा विक्रम केला, तो याच रचनेच्या जोरावर.

लहान मोटरींचे स्थान काय?

शर्यत केवळ धनाढ्यांची राहिली नाही, ती आउटबोर्ड मोटरमुळे. बोटीच्या मागे अडकवायची ही मोटर ओली एव्हिनरूड यांनी १९०९ पासून बाजारात लोकप्रिय केली. पुढे जॉन्सन आणि मर्क्युरी या कंपन्यांनी शर्यतीसाठी खास मोटरी काढल्या. त्यांपैकी अनेक मोटरी मिथेनॉल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालत. त्यामुळे अशी मोटर सुरू झाली की धक्क्यावर जळक्या एरंडेलाचा वास पसरतो.

मग वाद कशाचा?

शर्यतीची बोट टिकावी म्हणून बांधलीच जात नसे. हंगाम संपला की इंजिन काढून नव्या बोटीत जाई आणि सांगाडा कुठल्यातरी शेडमध्ये पडून राही. ‘बेबी बूटलेगर’ अनेक दशकांनी शोधून पूर्ववत करावी लागली. अशा कामात फळ्या आणि तळ बदलावा लागतो. म्हणूनच प्रदर्शनात बहुतांश मूळ लाकूड टिकलेल्या ‘जतन केलेल्या’ बोटी आणि ‘पुनर्बांधणी केलेल्या’ बोटी वेगवेगळ्या तपासल्या जातात.

१९३३ ते १९३५ अशी सलग तीन वर्षे गोल्ड कप जिंकणारी ‘एल लागार्तो’ आज अ‍ॅडिरोंडॅक भागातील संग्रहालयात कोरड्या जागी ठेवलेली आहे. तेथे तिला टकरीची किंवा आगीची भीती नाही. पळवणाऱ्यांचे म्हणणे असे, की लाकडी बोट फार काळ कोरडी राहिली तर फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. पाण्यात त्या फुगून पुन्हा घट्ट बसतात. शिवाय बोट पाण्यावर कशी उचलली जाते, हे ती उभी असताना कळत नाही. दुसरीकडे, जुन्या इंजिनाचे सुटे भाग आता मुद्दाम घडवून घ्यावे लागतात आणि तरंगणारा एखादा ओंडकाही तळ फोडू शकतो.

यावर मधला मार्ग म्हणून काही दुर्मीळ बोटींच्या हुबेहूब प्रतिकृती बांधल्या जातात. मूळ बोट संग्रहालयात राहते आणि प्रतिकृती पळवली जाते. मूळ बोट पाण्यात उतरवणारेही बहुधा इंजिनावर पूर्ण ताण न देता, थोडा वेळच ती चालवतात.