आसन, बोल्ट आणि पत्रा

मोटारीचे आसन मोजक्या बोल्टांवर उभे असते. ते किती मजबूत हवेत, हे आपण विमानविद्येकडून शिकलो.

१० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप न्यू मेक्सिकोत रुळांवरच्या रॉकेटगाडीत बसले. ताशी १०१७ किलोमीटर वेगाने धावणारी ही गाडी १.४ सेकंदांत थांबली. सेकंदाला २८२ मीटर या वेगाला १.४ ने भागले, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २० पट येते. क्षणभर ते ४६ पटींवर गेले. स्टॅप वाचले, कारण ते आसनाला आणि आसन गाडीला घट्ट जखडलेले होते. हवाई दलाची माणसे विमानांपेक्षा मोटार-अपघातांत जास्त मरतात, हे ध्यानात आल्यावर ते मोटारींकडे वळले.

अमेरिकेत १९६८ पासून आसनाच्या जोडणीने आसनाच्या वजनाच्या २० पट बल सोसलेच पाहिजे, असा नियम आला. रॅलीच्या गाडीत आसन बदलताना आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ किमान ४ ठिकाणी ८ मिलिमीटरचे बोल्ट आणि पत्र्यामागे आधारपट्ट्या मागतो.

पट्टी कशाला? ८.८ दर्जाचा असा एक बोल्ट तुटायला सुमारे ३ टन भार लागतो. पण पातळ पत्रा त्याआधीच भोकाशी फाटू शकतो. वर्गात पुठ्ठ्याच्या भोकातून बोल्ट ओढून पाहावा, मग मोठा वॉशर लावून पुन्हा ओढावा. पट्टीचे काम विद्यार्थ्यांच्या हातालाच कळेल.