हुशार पिल्लू घरात एकटं राहतंय? आधी त्याच्या डोक्याला काम द्या

सकाळी नवरा-बायको कामावर, मुलं शाळेत आणि तीन-चार महिन्यांचं पिल्लू बंद घरात. संध्याकाळी दार उघडावं तर चपलेचा पट्टा तुटलेला, गादीचा कापूस हॉलभर, आणि शेजारी सांगतात, 'दिवसभर रडत होतं हो.' टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये जे घडतं तेच इंदूर, वडोदऱ्यातही घडतं. यावर आपल्याकडचे दोन उपाय ठरलेले आहेत. एक म्हणजे साखळीने बांधणं, दुसरा म्हणजे 'शेतावर सोडून ये'. ती वेळ येऊ नये म्हणून घरच्या घरी काय करता येतं, त्याची ही माहिती.

नासधूस म्हणजे सूड नव्हे

'आम्ही सोडून गेलो म्हणून रागाने केलं' असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. पिल्लाला जग कळतं ते नाकाने आणि तोंडाने. हुंगणं, चावणं, उकरणं, ओढणं ही त्याची रोजची कामं आहेत. आपण काम दिलं नाही तर ते स्वतः शोधतं आणि त्याला पहिल्यांदा सापडते ती आपली चप्पल. पिल्लू जेवढं हुशार, तेवढं लवकर सापडते.

'भरपूर पळवलं की दमून झोपेल' हा दुसरा समज. नुसतं पळवत राहिलं तर अंगात दम वाढतो, पण डोकं रिकामंच राहतं. शिवाय वाढत्या वयात फार पळवणं, जिने चढवणं सांध्यांना चांगलं नाही. याउलट दहा मिनिटं नाकाने खाऊ शोधला तरी बरीच पिल्लं आपणहून आडवी होतात.

वय बघून अपेक्षा ठेवा

लहान पिल्लू दिवसातले १६ ते १८ तास झोपतं. त्यामुळे त्याला दिवसभर गुंतवून ठेवायची गरज नसते. झोप पुरी झाली नाही तर तेच पिल्लू जास्त चावरं होतं.

लघवी रोखण्याचा ढोबळ हिशेब असा: वय जेवढे महिने, त्यात एक मिळवा, तेवढे तास. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला जास्तीत जास्त चार तास. त्याला आठ-नऊ तास कोंडून ठेवलं तर फरशी ओली होणारच, त्यात त्याची चूक नाही. दुपारी आजी, शेजारची काकू किंवा ओळखीचं कुणीतरी एक चक्कर मारेल अशी सोय पिल्लू आणण्याआधीच करावी.

दातांचंही लक्षात ठेवा. दुधाचे दात २८ असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून चावणं थांबवता येत नाही, फक्त वळवता येतं. स्वच्छ ओलं फडकं पिळून, पीळ घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि आपल्या नजरेसमोर चघळायला द्या. हिरड्यांना गारवा मिळतो.

कुत्रा कोणत्या कामाचा, ते ओळखा

आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाऊंड, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला कारवानी म्हणतात तो, नजरेने शिकार हेरून धावणारा कुत्रा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली आणि २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढलं. या पिल्लाला हलणाऱ्या वस्तूमागे धावण्याची ओढ असते. काठीला दोरी, दोरीच्या टोकाला चिंधी बांधून ती जमिनीलगत फिरवा. दोन-तीन मिनिटं पुरेत. उड्या मारायला लावू नका, गुळगुळीत फरशीवर खेळू नका आणि शेवटी चिंधी त्याला पकडू द्या. कधीच हाती लागली नाही तर ते चिडचिडं होतं.

लॅब्रेडॉरला तोंडात धरून आणायला आवडतं, त्याला 'आण' आणि 'सोड' शिकवा. जर्मन शेफर्डला शिकण्याचीच हौस, त्याला रोज छोटासा धडा द्या. गावठी पिल्लू तर पिढ्यान् पिढ्या स्वतःचं अन्न शोधून जगलेलं. खाऊ हुडकायच्या खेळात ते भल्याभल्यांना मागे टाकतं.

वाडगा बाजूला ठेवा

वाडग्यातलं जेवण दोन मिनिटांत संपतं. तेच शोधून खायला लावलं तर पंधरा-वीस मिनिटं जातात. यासाठी वेगळा खाऊ नको, रोजच्या वाट्यातलाच थोडा बाजूला काढा.

• टॉवेलची गुंडाळी: जुन्या टॉवेलवर कोरडे दाणे किंवा भाकरीचे तुकडे पसरा आणि गुंडाळी करा. जमायला लागलं की सैलशी गाठ मारा.

• अंड्यांचा कागदी ट्रे: खळग्यांत दाणे टाका, वर कागदाचे बोळे ठेवा. फाडलं तरी चालेल, फक्त गिळू देऊ नका.

• तीन करवंट्या: एकीखाली खाऊ ठेवा आणि कुठली ते हुंगून ओळखू द्या. खेळ संपला की करवंट्या उचला, नाहीतर तुकडे चावून गिळेल.

• पोकळ रबरी खेळणं: बाजारात 'काँग' नावाने ओळखलं जातं, तशा घाटाची इतरही मिळतात. आत शिजवलेला भोपळा, भात, थोडं बिनसाखरेचं दही भरून गोठवा. घराबाहेर पडताना द्यायला हेच बरं. पिल्लाच्या तोंडात पूर्ण जाणार नाही एवढं मोठं घ्या आणि आधी दोन-चार वेळा समोर बसून वापरून बघा.

पहिले तीनही खेळ आपण समोर असतानाच खेळायचे. कागद, कापड, करवंटी देऊन घर बंद करून जाऊ नये. तीन-चार खेळणी असतील तर एका वेळी एक-दोनच बाहेर ठेवा आणि दर दोन दिवसांनी बदला. जुनं खेळणंही मग नव्यासारखं वाटतं.

शब्द एकच ठेवा

आपल्या सीमाभागातल्या घरांची ही खास अडचण. आजी म्हणते 'बस', पोरं म्हणतात 'सिट', शेजारी कानडीत 'कूत्को' म्हणतात. पिल्लाला भाषा कळत नाही, आवाज कळतो. तीन आवाज, काम एकच, मग ते गोंधळतं आणि आपण म्हणतो, 'ऐकत नाही.' घरात बसून प्रत्येक कृतीसाठी एकच शब्द ठरवा आणि फ्रिजवर यादी लावा. दिवसातून तीन वेळा तीन-तीन मिनिटांचा धडा पुरतो.

एकटं राहणं शिकवावं लागतं

आईपासून, भावंडांपासून नुकतंच आलेलं पिल्लू पहिल्याच आठवड्यात आठ तास एकटं राहील, ही अपेक्षाच चूक. आधी एक सुरक्षित कोपरा करा: अंथरूण, पाणी, वायरी नाहीत, औषधं आणि फिनेल हाताशी नाहीत. ते खेळण्यात रमलं असताना अर्धं मिनिट दुसऱ्या खोलीत जा आणि रडायच्या आत परत या. मग एक मिनिट, तीन, पाच, दहा. रडलं तर वेळ जास्त झाली असं समजा आणि एक पायरी मागे या. चप्पल घाला, किल्ली वाजवा, पण जाऊ नका. त्या आवाजांची धास्ती मोडते. निघताना लाड नको, आल्यावर गोंधळ नको.

कंटाळा की धास्ती?

घरातला जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून जा. पिल्लू खाऊ संपवतं, झोपतं आणि नंतर काहीतरी कुरतडतं, तर तो कंटाळा आहे. खेळ वाढवा. पण दार लागताच पहिल्या काही मिनिटांत केकाटायला लागतं, लाळ गळते, दार खरवडतं आणि आवडीच्या खाऊलाही तोंड लावत नाही, तर ती धास्ती आहे. तिथे खेळणी पुरत नाहीत. एकटं ठेवणं काही दिवस थांबवा आणि पशुवैद्यांचा सल्ला घ्या. अशा पिल्लाला मारलं तर धास्ती वाढतेच.

नोकरदार घराचा दिवसाचा हिशेब

सकाळी: १५ मिनिटं बाहेर हुंगत फेरी, तीन मिनिटं धडा. लसीकरण पुरं झालं नसेल तर जिथे इतर कुत्री फिरतात तिथे खाली सोडू नका. कडेवर घेऊन रिक्षा, मंडई, शाळेची घंटा दाखवा. पावसाळ्यात फेरी चुकली तर घरातच खाऊ लपवा.

निघताना: गोठवलेलं रबरी खेळणं.

दुपारी: कुणीतरी येऊन लघवीला नेणं, जेवण, टॉवेलचा खेळ.

संध्याकाळी: फेरी, काठी-चिंधी किंवा करवंट्या.

रात्री: शांतपणे चघळणं आणि झोप.

एकूण बेरीज तासा-सव्वा तासाची. घरातल्या चौघांनी वाटून घेतली तर जड जात नाही.

हे टाळा

चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात, ती देऊ नका. जुनी चप्पल खेळायला देऊ नका, जुनी आणि नवी हा फरक त्याला कळत नाही.

आणि साखळीबद्दल. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर मालकावर गुन्हा होतो. २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताही येत नाही. तेवढे दिवस ते आईजवळ, भावंडांत राहिलं तर चावताना किती जोर लावायचा हे तिथेच शिकतं. बेळगाव असो की इंदूर, दोन्ही गोष्टी सगळीकडे लागू आहेत. पिल्लू घ्यायचं ठरलं असेल तर जात आणि रंग बघण्याआधी दुपारी दार कोण उघडणार, ते ठरवा.